नेपच्यूनचं वारूळ

आमच्या शाळेच्या भिंतीवर ग्रहांचं एक चित्र आहे. माझ्या आधीच्या मास्तरांनी रंगवलेलं. नऊच्या नऊ ग्रह एकाच मापाचे, एकमेकांना खेटून रांगेत उभे, आणि सूर्यही त्यांच्याएवढाच, फक्त पिवळा. नववा ग्रह पुढे यादीतून काढला तेव्हा आमच्या हेडमास्तरांनी, इमासिकू सरांनी, त्याच्यावर चुन्याचा हात मारला. चुना पातळ होता, त्यामुळे तो अजून खालून डोकावतो. हे चित्र मी चार वर्षं मुकाट्यानं सहन केलं. पाचव्या वर्षी माझा संयम सुटला.

खरं सांगायचं तर त्या जानेवारीत माझा संयम सगळ्याच बाबतीत सुटला होता, ग्रह त्यात आयते सापडले.

आमचं गाव झांबियात, झांबेझी नदीच्या मैदानात, पश्चिम अंगाला, एका उंचवट्यावर आहे. कोरड्या दिवसांत चहूकडे गवत, आणि पुराच्या दिवसांत पाणी. पाणी चढलं की गावाचं बेट होतं. शाळेत दोन खोल्या, दोन शिक्षक: इमासिकू सर आणि मी. सर हेडमास्तर, अकरा वर्षं तिथेच. माझं नाव नासिलेले, पण गावात मला सगळे मोंदेची आई म्हणतात. मोंदे गावात नसली तरी.

मोंदे तीन वर्षांची असताना भर पुरात तिला मलेरिया झाला. झटके यायला लागले. दवाखाना होडीनं दीड दिवसावर. ती वाचली, मी मात्र त्या दीड दिवसातून अजून बाहेर आलेले नाही. पाणी ओसरल्याबरोबर तिला मोंगूला माझ्या बहिणीकडे, नोसिकूकडे ठेवली. तात्पुरती, असं मीच म्हणाले होते. मोंगू मैदानाच्या पूर्वेच्या काठावर आहे आणि आम्ही पश्चिमेला. मोंदेच्या बापानं लिव्हिंगस्टनला दुसरं बिऱ्हाड केलंय, त्याच्याबद्दल एवढं पुरे.

बदलीसाठी मी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा परत आला, आणि शेरा एकच: ‘पाठाचे निरीक्षण झालेले नाही.’ आता निरीक्षण करायला साहेब यायला हवा. आमच्याकडे पुरात साहेब पाण्याला घाबरतात, आणि कोरड्यात वाळूला.

त्या जानेवारीत नोसिकूच्या नवऱ्याची बदली लुसाकाला झाली. बघा, ज्याला नको त्याची होते! मे महिन्यात ते निघणार होते. त्यांच्या घरामागच्याच शाळेत पाचवीची एक जागा रिकामी होती. ती मला मिळाली तर मोंदे माझ्याकडे राहणार. नाही मिळाली तर ती मावशीबरोबर लुसाकाला जाणार, मोंगूहून आणखी एक अख्खा दिवस बसनं. सात वर्षांची पोर. त्यातली चार तिनं मला फोनवरच ऐकलंय.

तोही फोन घरात लागत नाही. शाळेपासून साडेचारशे मीटरवर मैदानात एक मोठं वारूळ आहे, माणसाच्या दीडपट उंच. त्याच्यावर चढून पूर्वेला तोंड केलं तर मोंगूचा टॉवर मिळतो. सगळं गाव तिथे चढतं. कुणाची लग्नं त्या वारुळावर ठरली, कुणाची मोडली. मी दर रविवारी चढायची.

त्या रविवारी नोसिकूनं लुसाकाचं सांगितलं. मी वारुळावरून उतरले आणि शाळेपर्यंत पावलं मोजत आले. का मोजली कोण जाणे. माणूस काहीतरी मोजतं. दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गात भिंतीवरचे ते ग्रह समोर आले, आणि मी म्हटलं, “उठा. हे सगळं खोटं आहे. चला बाहेर.”

शाळेच्या पडवीला मी एक रानसंत्रं टांगलं. आमच्याकडे कवठासारखं टणक कवचाचं येतं, चांगलं मोठं, पिवळं. तो सूर्य. मग बोरूच्या काठ्या घेतल्या, आणि प्रत्येक काठीच्या टोकाला रानमधमाश्यांच्या मेणानं एकेक ग्रह चिकटवला. सहा मीटरवर बुध: वाळूचा एक कण. अकरावर शुक्र: नाचणीचा दाणा. पंधरावर पृथ्वी: नाचणीचाच. तेविसावर मंगळ: राजगिरा.

“मॅडम, सूर्य एवढा आणि आपण एवढे?” लिसेली म्हणाली. लिसेली वर्गातली सगळ्यात तोंडाळ मुलगी, आणि सगळ्यात हुशार. दोन्ही गोष्टी मला तिच्यात आवडतात आणि एकाच वेळी नकोशा होतात.

“आपण नाही. आपली अख्खी पृथ्वी.”

इमासिकू सर दुसऱ्या खोलीतून बघायला आले. चष्मा वर करून नाचणीजवळ नाक नेलं. “मोंदेच्या आई, यात झांबिया कुठे?”

“दिसत नाही सर.”

“आणि आपली शाळा?”

“तीही नाही.”

“तरीच साहेब सापडत नाहीत तिला,” सर म्हणाले आणि परत सातवीच्या वर्गावर गेले.

अठ्ठ्याहत्तर मीटरवर गुरू, म्हणजे काचेची गोटी. तिथे उंचवटा संपतो. एकशे त्रेचाळीसवर शनी: शेंगेतला एक गोल टपोरा दाणा आणि त्याला गवताचं कडं. तिथून पुढे पोरं कंटाळायला लागली. गवत, गवत आणि गवत. दोनशे सत्याऐंशीवर युरेनससाठी ज्वारीचा दाणा लावला तेव्हा एक जण खालीच बसला.

“मॅडम, मधे काहीच नाहीये!”

“तेच तर शिकवतेय.”

“मग भिंतीवर का नाही दाखवलं?”

“भिंत एवढी मोठी कुठून आणणार?”

शेवटी वारूळ. साडेचारशे मीटर. त्याच्या डोक्यावर काठी खोवली, आणि नेपच्यून म्हणून ज्वारीचा दुसरा दाणा. आधी अंतर मोजलं होतं की वारूळ बघून हिशोब बसवला, ते मी कुणाला सांगितलं नाही. हिशोब मात्र बरोबर होता. मी तीनदा तपासला. तिथून शाळेकडे बघितलं तर पडवीतलं रानसंत्रं दिसत नव्हतं. पडवीच नीट दिसत नव्हती. मला एकदम रडू आलं, आणि मी पोरांना नावं घेऊन ओरडले की रांग नीट करा.

महिनाभर तोच धडा चालला. रोज कुणीतरी ओरडत यायचं: “मॅडम, मंगळ वाऱ्यानं उडाला!” “मॅडम, पृथ्वी मुंगीनं नेली!” मग पुन्हा मेण, पुन्हा नाचणी. पोरांना भिंतीवरचे ग्रह कधी पाठ झाले नव्हते; हे झोपेतसुद्धा सांगता यायला लागले. रविवारी मी नेपच्यूनवर चढून मोंदेलाही तेच शिकवायची. ग्रहांची नावं, मग क्रम, मग कुणाचं वर्ष किती मोठं. बुध सूर्याभोवती अठ्ठ्याऐंशी दिवसांत फिरतो, तिथे तीन महिन्यांत वर्ष संपतं, हे ऐकून ती किंचाळलीच.

“म्हणजे तिथे वाढदिवस चार वेळा?”

“चार वेळा.”

“मी तिथेच राहते. आणि तू कुठे आहेस?”

“मी नेपच्यूनवर.”

“तिथे वर्ष किती?”

“एकशे पासष्ट वर्षांचं एक.”

“ई! मग तिथे कुणाचा वाढदिवसच नाही होत. आई, तू तिथून ये बाई लवकर.”

मग पाणी आलं. आमच्याकडे ते धावत येत नाही. गवताच्या बुडातून गुपचूप चढतं. आज काठीचा पाय ओला, आठवड्यानं काठीची कंबर. फेब्रुवारीअखेर शनी गेला, त्यानंतर चार दिवसांनी युरेनस. नेपच्यून वारुळावर असल्यामुळे टिकला. गुरूची काठी पाण्याच्या अगदी काठाशी उभी होती. गुरं आधीच पश्चिमेच्या रानाकडे हाकलली होती. उरलो आम्ही, कोंबड्या, आणि कोरडी जागा शोधत आलेले साप, उंदीर, मुंग्या. मुंग्या भिंतीवरून पट्ट्या आखल्यासारख्या चालायच्या. खाटेचे पाय मी पाण्याच्या डब्यांत ठेवले होते.

गाव सोडायचं तर आमच्या मैदानाचा राजा निघाल्याशिवाय सोडायचं नाही, ही रीत. राजाची मोठी होडी पूर्वेला मैदानातून निघाली, रेडिओवर सांगितलं, की मग सगळ्यांनी सुटायचं. आमचं गाव मात्र जातं आपल्या बाजूला, पश्चिमेच्या रानात. म्हणजे पाणी चढलं की मी मोंगूपासून आणखी लांब जाते, जवळ नाही. मुखिया म्हातारा रोज सकाळी बाहेर येऊन चंद्राच्या हिशोबानं राजा निघायला किती दिवस उरले ते सांगायचा. दोन झोपड्या बसल्या तरी त्याचं एकच: “राजा अजून कोरडा आहे. आपण ओले झालो म्हणून काय झालं?”

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात निरोप आला: निरीक्षणाला साहेब येतायत. मी ती चिठ्ठी चार वेळा वाचली. वारुळावर होडीनं जाऊन नोसिकूला फोन केला. मोंदेनं फोन हिसकावून घेतला.

“आई, साहेबाला पास करायला सांग.”

“साहेब नाही गं पास करत. मला पास व्हायचंय.”

“मग अभ्यास केलास का?”

केला होता. असा पाठ तयार केला की त्यात कुठे सुई शिरायला जागा नव्हती.

चिलेशे साहेब इंजिनाच्या बोटीतून आले. उत्तरेकडचे, खाणीच्या गावातले. पाण्याशी त्यांची ओळख बादलीपुरतीच असावी. अंगात नारिंगी रंगाचं फुगीर जॅकेट होतं. आम्ही बायकांनी गुडघे टेकून टाळ्या वाजवून रीतीप्रमाणे नमस्कार केला. त्यांनीही घाईनं दोन टाळ्या वाजवल्या आणि जॅकेटचा पट्टा आणखी आवळला. वर्गात येऊन बसले तरी ते काढलं नाही. मागच्या बाकावरून लिसेली कुजबुजली, “सूर्य आला.” मी डोळे वटारले.

पाठ सुरू झाला. मी क्रम विचारला, पोरांनी सांगितला. माप विचारलं, सांगितलं. सगळं दोरीत ओवल्यासारखं चाललं होतं. साहेब मान हलवत लिहीत होते. इमासिकू सर दारात उभे होते, पाण्यावरच्या बगळ्यासारखे. मग साहेब उठले. भिंतीवरच्या चित्राजवळ गेले, आणि सगळ्या साहेबांना येते तशी त्यांनाही एक सोपा प्रश्न विचारायची हौस आली.

“ग्रह किती आहेत? तू सांग.”

बोट लिसेलीकडे होतं. लिसेली उठली. एक डोळा मिटून तिनं खिडकीबाहेर बघितलं.

“आज सहा, साहेब.”

मी हातातला खडू खाली ठेवला.

“किती?”

“सहा. शनी आणि युरेनस पाण्याखाली गेलेत. नेपच्यून वारुळावर आहे म्हणून वाचला. गुरूचं उद्यापर्यंत काही सांगता येत नाही.” मग साहेबांचा चेहरा बघून तिनं त्यांना धीर दिला, “पाणी ओसरलं की परत आठ होतील.”

वर्गात कुणी हसलं नाही. पोरांना त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही. उत्तर बरोबरच होतं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, गेलं. चार वर्षं, तीन अर्ज, एक लेक. सगळं एका तोंडाळ पोरीनं पाण्यात घातलं. तिचा कान पिरगळावासा वाटला. तो माझाच पिरगळायला हवा होता, कारण खिडकीबाहेर बघून मोजायला मीच तिला शिकवलं होतं.

साहेबांनी वही मिटली. “दाखव मला,” ते लिसेलीला म्हणाले.

दाखवायला आम्ही सगळे बाहेर पडलो. पडवीतलं रानसंत्रं आता सुकून तपकिरी झालं होतं. साहेब वाळूच्या कणाजवळ वाकले, नाचणीजवळ उकिडवे बसले. “ही पृथ्वी?” “हो साहेब. ही नवी आहे, आधीच्या तीन मुंग्यांनी नेल्या.” गुरूपाशी पाणी लागलं. तिथे ओंडक्याची लांब होडी बांधलेली होती. मला वाटलं, इथून साहेब मागे फिरतील. ते होडीत बसले. दोन्ही काठ घट्ट धरले, डोळे बारीक केले. मागे मी वल्हं घेऊन उभी राहिले, पुढे लिसेली लांब काठी घेऊन.

थोडं पुढे गेल्यावर लिसेलीनं होडी थांबवली. चहूकडे सपाट पाणी, खूण म्हणून काही नाही. तिनं काठी खाली सोडली, इकडेतिकडे चाचपली, आणि खालून टक् असा आवाज आला.

“हा शनी,” ती म्हणाली.

साहेबांनी काठी आपल्या हातात मागितली. त्यांनीही शोधला, दोनदा चुकले, आणि तिसऱ्यांदा टक् झालं. त्यांच्या तोंडावर जे काही आलं ते मी आजवर कुठल्या साहेबाच्या तोंडावर बघितलेलं नाही. त्यानंतर त्यांनी होडीचे काठ सोडले.

युरेनस ओलांडला आणि वारुळाला लागलो. चढता चढता त्यांच्या खिशातला फोन टिंगटिंग वाजायला लागला. त्यांनी तो बंद केला. शाळेकडे वळून बघत किती तरी वेळ उभे राहिले.

“सूर्य दिसत नाही,” ते म्हणाले.

“नाही दिसत साहेब,” लिसेली म्हणाली, “पण आहे.”

“आणि याच्यापुढचा तारा?”

“मॅडम म्हणाल्या, तिथपर्यंत होडी जात नाही. इतका लांब की वाटेत देश संपतात.”

“मॅडम,” साहेब माझ्याकडे वळले, “मी सत्तावीस वर्षं हा धडा तपासतोय. मला स्वतःला आज कळला.”

माझा जीव भांड्यात पडला. इतका की परतीच्या वाटेवर मी वल्हं मारतेय की उडतेय, कळत नव्हतं. मनातल्या मनात मी नोसिकूच्या घरामागच्या शाळेत पोचले होते. मोंदेला अंघोळ घालत होते. तिचे केस आता किती लांब झाले असतील याचा अंदाज करत होते.

सरांच्या घरी जेवण झालं: बुहोबेचे, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचे गोळे, तळलेला मासा, आंबट दूध. साहेबांनी जॅकेट काढून खुंटीला लावलं होतं. बोटं चाटत ते सरांना म्हणाले, “इमासिकू, या गेल्या तर त्यांच्या जागी असं शिकवणारं कुणी आहे का तुमच्याकडे?”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग ताटाकडे. “नाही साहेब,” ते म्हणाले.

एक ‘हो’ म्हणायला काय जात होतं त्या माणसाचं? नुसतं ‘बघू’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण सर खोटं बोलत नाहीत, आणि दोन खोल्या एकट्यानं सांभाळायची त्यांना धडकी भरली होती, दोन्ही खरं.

साहेबांनी कागद काढला आणि कौतुकानं मोठ्यांदा वाचून दाखवला. पाठ: उत्तम. खाली शेरा: ‘अशा शिक्षिकेस पूरक्षेत्रातून हलवणे मुलांच्या हिताचे नाही. किमान तीन वर्षे याच शाळेत ठेवावे. परिसरातील शिक्षकांस त्यांच्याकडे शिकण्यासाठी पाठवावे.’

मी हात धुतला. मग म्हणाले, “साहेब, साधारण लिहा.”

“काय?”

“उत्तम खोडा. साधारण लिहा. पोरीनं सहा ग्रह सांगितले, तुम्ही ऐकलंत.”

साहेब खो खो हसले. “सत्तावीस वर्षांत मार्क कमी करा म्हणणारी तुम्ही पहिली!”

“माझी मुलगी मोंगूत आहे साहेब. सात वर्षांची. मे महिन्यात तिला लुसाकाला नेतील. मी बदलीसाठीच हा पाठ घेतला. मला उत्तम शिक्षिका नाही व्हायचंय, मला मोंगूला जायचंय.”

त्यांचं हसू गेलं. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर भांडता आलं असतं.

“मॅडम, माझी तीन मुलं तिकडे उत्तरेत कित्वेला आहेत आणि मी मोंगूत. साधारण लिहिलं तर तुमचा अर्ज साधारण म्हणून परत येईल. उत्तम लिहिलं तर, जागी दुसरं कुणी नसताना, वरचे हलवत नाहीत. माझ्या हातात दोनच शब्द आहेत.” मग त्यांनी लेखणी उघडली आणि शेवटी आणखी एक ओळ घातली. मला आशा वाटली, खोटं का बोलू? ती ओळ होती: ‘स्वभाव अत्यंत नम्र.’

म्हणजे वाईट शिकवलं असतं तरी इथेच, बरं शिकवलं असतं तरी इथेच, आणि उत्तम शिकवलं म्हणून तीन वर्षं सहीशिक्क्यासकट इथेच. एवढं गणित मला आधी सुटलं नाही, आणि मी पोरांना गणित शिकवते.

बोट निघताना मी काठावर गेले. म्हटलं, निदान दोन दिवस तरी न्या मला, लेकीला बघून कुणाच्याही होडीनं परत येते. साहेब सरकून बसले, जागा केली. माझा एक पाय बोटीत होता. मुखिया म्हातारा काठीवर रेलून उभा होता.

“राजा निघायच्या आधी कुणी मैदान सोडत नाही, बाई.”

“दोनच दिवस, बाबा.”

“पाणी दोन दिवसांत इथपर्यंत येईल,” त्यानं आपला गुडघा दाखवला. “पोरं कुणावर सोडून जातेस? इमासिकूवर? त्याला पोहता येतं का?”

सरांनी मान खाली घातली. त्यांना येत नाही. काठावर पाचवी उभी होती, लिसेली सगळ्यात पुढे. ती काही बोलली नाही. तेवढ्या एका वेळी बोलली असती तर बरं झालं असतं. मी पाय काढून घेतला. साहेब म्हणाले, “मी तुमच्या रीतीत पडत नाही,” आणि इंजिन सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी गुरू गेला. पाचव्या दिवशी रेडिओवर सांगितलं की राजाची होडी निघाली. मुखियानं पूर्वेला तोंड करून कपाळाला हात लावला आणि गाव एकदम सुटलं. चटया, मडकी, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळं होड्यांत. शाळेचा फळा, हजेरीपट आणि खडूचा डबा आमच्या होडीत. सर मधे फळ्याला धरून बसले होते, लिसेली पुढे काठी घेऊन. मी रानसंत्रं पडवीतून काढून घेतलं. पुढच्या वर्षी दुसरं मिळालं असतं, पण काढलं.

“वारुळावरून जाऊ,” मी म्हटलं.

“वाट उलटी आहे मॅडम,” लिसेली म्हणाली.

“माहीत आहे.”

सर तिला म्हणाले, “घे गं तिकडून.” त्या जेवणानंतर त्यांनी माझ्यासाठी उच्चारलेले हे पहिले शब्द.

वारुळाचा आता शेंडाच उरला होता, दोन पावलं टेकतील एवढा. त्यावर मुंग्या, आणि मधोमध काठी. ज्वारीचा दाणा अजून जागेवर होता. मी उतरले, काठी धरून उभी राहिले, आणि फोन लावला. पाच दिवस मी हा फोन टाळला होता. उचलला मोंदेनंच.

“आई! पास झालीस?”

“झाले.”

“मावशी, आई पास झाली! मग कधी येतेस? मी माझ्या खाटेवर भिंतीकडची जागा ठेवलीय तुला. उद्या?”

“मोंदे, ऐक. मी आत्ता नाही येत. तू मावशीबरोबर लुसाकाला जा.”

तिच्या मागे भांडी वाजत होती, कोंबडा ओरडत होता. मोंगूचा कोंबडा.

“पण पास झालीस ना?”

“झाले म्हणूनच गं. त्यांनी मला इथेच ठेवलंय.”

“किती?”

मी दुसरं काही सांगणार होते. तोंडातून खरं गेलं. “तीन वर्षं.”

मग अगदी बारीक आवाजात, जसं वर्गात पोरं उत्तर माहीत असून खात्रीसाठी विचारतात, तसं तिनं विचारलं, “कुठली वर्षं? बुधाची ना?”

माझ्या हाताखाली नेपच्यूनची काठी होती. होडीत सर दुसरीकडे बघत होते. त्यांना ऐकू गेलं होतं.

“हो,” मी म्हणाले. “बुधाची.”

“मग तीन, तीन आणि तीन,” ती मोजायला लागली, “नऊ महिने. नऊच महिने! मावशी, मी लुसाकाला नऊच महिने येणार आहे हं, माझे सगळे कपडे नको भरू.”

मावशीनं पलीकडून काहीतरी विचारलं, आणि फोन कटला की मीच कापला, मला आठवत नाही. लिसेलीनं होडी जवळ आणली. मी बसले. ती माझ्याकडे बघत होती. तिला बुधाचं वर्ष माहीत होतं, आणि आमचंही.

“मॅडम,” ती म्हणाली, “नेपच्यूनची काठी काढून घेऊ का? दोन दिवसांत जाईल.”

“राहू दे,” मी म्हटलं आणि वल्हं उचललं. आम्ही पश्चिमेला निघालो.